जाहिरातींतलं स्त्री-पुरुष, वर्ण आणि ग्लॅमरचं चित्रण मोजायचं कसं? कोडबुकसाठी मदत हवी

कोरा_कागद

माध्यम-अभ्यासाच्या प्रबंधासाठी टीव्हीवरच्या आणि मासिकांतल्या जाहिराती तपासतोय. स्त्री-पुरुष, वेगवेगळ्या वर्णांची-वंशांची माणसं आणि एकूण ग्लॅमर त्यांत कसं दाखवलं जातं, हा विषय. कच्ची मोजणी केली तर बायका आणि पुरुष जवळपास निम्मे-निम्मे भरतात. गडद त्वचेचे चेहरेही अगदीच कमी नाहीत. मग चित्रण समतोल आहे असं लिहून मोकळं व्हायचं का? बघताना तसं मुळीच वाटत नाही, पण "वाटत नाही" हा काही पुरावा नव्हे, मार्गदर्शक पहिल्याच वाचनात खोडतील.

तर नोंद नक्की कशाकशाची करायची? जाहिराती किती घ्यायच्या? ग्लॅमरसारखी निसटती गोष्ट तक्त्यात बसते का?

टाचणी

डोकी मोजलीत, कामं मोजली नाहीत. गडबड तिथेच आहे.

ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने, म्हणजे एएसएने, जून २०१९ पासून लिंगभावाचे घातक साचे दाखवण्यावर बंदी आणली. त्या नियमाखाली ऑगस्टमध्ये ज्या पहिल्या दोन जाहिराती थांबवल्या, त्यांतली एक फोक्सवॅगनच्या विजेवरच्या गाडीची. कड्यावर लटकलेल्या तंबूत एक स्त्री आणि एक पुरुष गिर्यारोहक, मग अंतराळयानात दोन पुरुष, मग कृत्रिम पाय लावून लांब उडी मारणारा खेळाडू, शेवटी बाबागाडीशेजारी बाकावर बसलेली बाई. डोकी मोजली तर ४ पुरुष, २ स्त्रिया. कृती मोजली तर स्त्रियांच्या रकान्यात काय येतं? झोपणं आणि बसणं. तंबूतली ती गिर्यारोहक झोपलेली आहे! एकेक दृश्य सुटं पाहिलं तर एकाही दृश्यावर बोट ठेवता येत नाही, म्हणून क्रम आणि शेजार यांचीही नोंद लागते.

आता कोडबुक, म्हणजे कशाची नोंद कशी करायची याचे लेखी नियम. नोंदीचं एकक जाहिरात नको, पात्र ठेवा. मुख्य पात्र कोणाला म्हणायचं ते आधी लिहून काढा. उदाहरणार्थ, किमान ३ सेकंद ओळखू येईल असं दिसणारं किंवा एक तरी वाक्य बोलणारं. मासिकात चेहरा स्पष्ट दिसणारं. एका जाहिरातीतून जास्तीत जास्त २ प्रौढ पात्रं, सर्वाधिक वेळ दिसणारी. गर्दी वेगळ्या रकान्यात. हा नियम नसला की एक कोडर, म्हणजे नोंदी भरणारा, मागची माणसंही धरतो, दुसरा सोडून देतो, आणि आकडे जुळत नाहीत.

प्रत्येक पात्रापुढे मग हे भरायचं: वस्तू नुसती वापरतं की तिच्याबद्दल अधिकाराने सांगतं, बोलतं की नाही, माहिती देतं की घेतं, घरात, बाहेर की कामाच्या जागी आहे, आणि हातातलं काम स्वतःसाठी करतंय की दुसऱ्या कुणासाठी. हा शेवटचा रकाना बरेच जण ठेवत नाहीत आणि निम्मा अभ्यास तिथेच हरवतो. वापरणारा आणि अधिकारवाणीने सांगणारा ही विभागणी मॅकआर्थर आणि रेस्को यांच्या १९७५ च्या अभ्यासापासून वापरात आहे. तीच घेतलीत तर जुन्या निष्कर्षांशी तुलना करता येईल. व्हॉइसओव्हर वेगळा नोंदवा. पडद्यावर पूर्णवेळ बाई आणि शेवटचा निर्णायक शब्द पुरुषाच्या आवाजात, ही मांडणी चेहरे मोजून कधीच सापडणार नाही.

स्थिर चित्रांसाठी समाजशास्त्रज्ञ आर्व्हिंग गॉफमनची १९७६ मधली चौकट अजूनही कामाला येते. सहा गोष्टी आहेत: सापेक्ष आकार, बायकी स्पर्श, कामातली वरचढ-दुय्यम जागा, कुटुंबाची मांडणी, नमतेपणाच्या मुद्रा, आणि प्रसंगातून मन काढून घेण्याची मुभा. यांतला स्पर्श नीट समजून घ्या, कारण तोच सर्वांत जास्त चुकीचा भरला जातो. बाटली धरलेला हात बघा. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, आणि सांध्यांपाशी ताण दिसतोय, तर ती पकड. बोटांची टोकं काचेला जेमतेम टेकलीत, तळवा सुटा आहे, बाटलीचं वजन त्या हातावर आहे असं वाटतच नाही, तर तो स्पर्श. कोडबुकात "नाजूक हात" असं लिहू नका, "तळवा वस्तूला टेकलेला: हो / नाही / दिसत नाही" असं लिहा. नमतेपणाचंही तसंच. "लाजरी मुद्रा" हे मत झालं. "मान एका खांद्याकडे कललेली", "एक गुडघा वाकलेला", "पात्र आडवं पडलेलं" ही नोंद झाली.

आणखी एक सोपं माप आहे, चेहऱ्याचा निर्देशांक. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर भागिले डोक्याच्या टोकापासून चित्रात दिसणाऱ्या शरीराच्या शेवटच्या बिंदूपर्यंतचं अंतर. डोकं ६ सेंमी आणि दिसणारं एकूण शरीर १५ सेंमी असेल तर ०.४०. फक्त चेहराच असेल तर १. आर्चर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अमेरिकी नियतकालिकांतली छायाचित्रं मोजली तेव्हा पुरुषांची सरासरी ०.६५ आणि स्त्रियांची ०.४५ आली. पुरुषाचा चेहरा दाखवतात, बाईचं शरीर, असा त्याचा ढोबळ अर्थ. पट्टी पुरते, पण झोपलेल्या किंवा वाकलेल्या पात्राला हे माप लावू नका, आकडा निरर्थक येतो. टीव्हीसाठी त्या पात्राच्या सर्वाधिक वेळ चालणाऱ्या शॉटची मधली फ्रेम घ्या आणि हा नियम कोडबुकात लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण सोयीची फ्रेम पकडतो.

नमुन्याचं बोलायचं तर सलग ७ दिवस रेकॉर्ड करू नका. एखादी स्पर्धा किंवा सण त्या आठवड्यात आला की सगळंच एका बाजूला झुकतं. २-३ महिन्यांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, एक मंगळवार असे सात वार गोळा करा. दिवसातले किमान दोन वेळपट्टे घ्या. तीच जाहिरात पुन्हा लागली तर पात्रांची नोंद एकदाच करा, मात्र ती किती वेळा लागली हे शेजारी लिहा. निर्माते काय बनवतात याला पहिला आकडा उत्तर देतो, प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढून काय जातं याला दुसरा. प्रबंधात हे दोन आकडे मिसळलेले फार दिसतात. प्रबंधापुरत्या २०० ते ३०० वेगवेगळ्या जाहिराती पुरतात, पण वस्तूंचे प्रकार दहा-बारा पाडू नका. तक्त्याच्या घरांत अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की काय-वर्ग चाचणीवर, म्हणजे गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणाऱ्या चाचणीवर, विसंबता येत नाही.

लेन्सकॅप

ग्लॅमर तक्त्यात बसतं, कारण तो चेहऱ्याचा गुण कमी आणि प्रकाशयोजनेचा जास्त असतो. "आकर्षक: १ ते ५" असा रकाना मात्र ठेवू नका, त्यात कोडरची आवड मोजली जाते.

सुरुवात डोळ्यांच्या बाहुल्यांपासून करा. डोळ्यात चमकणारा प्रकाशाचा ठिपका मोठा करून बघा, दिवा कुठला होता ते कळतं. चौकोनी ठिपका म्हणजे सॉफ्टबॉक्स (पेटीसारख्या आवरणाचा मऊ दिवा) किंवा खिडकी. कडं असेल तर रिंग लाइट. गोल आणि मध्ये गडद असेल तर ब्यूटी डिश (उथळ ताटलीसारखा दिवा). वर एक आणि खाली एक असे दोन ठिपके म्हणजे वरून मुख्य प्रकाश आणि हनुवटीखाली रिफ्लेक्टर किंवा दुसरा दिवा. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत ही रचना सारखी भेटते. नाकाखाली बरोबर मधोमध फुलपाखरासारखी छोटी सावली पडली असेल तर मुख्य दिवा समोर आणि वर आहे. त्याने गालाची हाडं उठतात आणि त्वचेवरच्या रेषा जवळपास पुसल्या जातात. उलट दिवा बाजूला नेला की अंधाऱ्या गालावर प्रकाशाचा त्रिकोण उरतो, सुरकुत्या आणि दाढीचे खुंट ठळक होतात. ही दुसरी रचना जाहिरातीत कोणाच्या वाट्याला येते, ते मोजा. पुरुषाच्या सुरकुतीला "अनुभव" म्हणून उजेड मिळतो आणि बाईची सुरकुती उजेडानेच मिटवली जाते, हे म्हणणं तुम्हाला मग आकड्यांनिशी मांडता येईल.

कॅमेऱ्याची उंची तीन घरांत नोंदवा: डोळ्यांच्या पातळीच्या वर, बरोबरीने, खाली. खालून घेतलेलं पात्र भारदस्त दिसतं, वरून घेतलेलं लहान. लेन्सचा अंदाज मात्र बांधू नका. चेहऱ्यासाठी साधारण ८५ ते १३५ मिमी वापरतात हे खरं, पण छापील चित्रावरून ते खात्रीने सांगता येत नाही आणि कोडरांत एकमत होत नाही.

रिटचिंग, म्हणजे चित्रावर नंतर केलेली सफाई, ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत. त्वचेचा पोत एका थरात आणि रंग-छाया दुसऱ्या थरात वेगळ्या करून छायेचा थर गुळगुळीत करतात. म्हणून रंध्रं दिसतात पण डाग, लाली, डोळ्यांखालची सावली काहीच दिसत नाही. भुवईजवळ आणि नाकपुडीच्या कडेला बघा, तिथे हात घाईत फिरलेला असतो. कोपरावर, मानेवर, काखेत वळी नसणं ही दुसरी खूण. कमर आत ओढली असेल तर मागची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ तिथे किंचित वाकते. यासाठी "स्पष्ट खूण आहे / नाही" एवढीच दोन घरं ठेवा. "रिटच केलेलं नाही" असं घर ठेवू नका, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

सूचनेच्या लेबलावर विसंबू नका. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर तशी सूचना छापावी लागते, पण डाग काढणं, केसांचा रंग बदलणं त्यात येत नाही. नॉर्वेचा १ जुलै २०२२ पासूनचा नियम शरीराचा आकार, माप आणि त्वचा तिन्ही धरतो. त्यामुळे दोन देशांची मासिकं शेजारी ठेवून लेबलं मोजलीत तर आपण कायद्यांतला फरक मोजतोय, चित्रणातला नाही.

गव्हाळ

वर्ण-वंशाच्या रकान्याबद्दल आधीच सावध करते. चेहरा बघून "हा अमुक वंशाचा" असं कोडरला ठरवायला लावू नका. अभिनेत्याची खरी ओळख तुम्हाला कळणार नाही आणि ती तुमचा विषयही नाही. जाहिरात प्रेक्षकाला काय खुणावते, ते नोंदवा: नाव, उच्चार, पोशाख, पार्श्वभूमी, संगीत. आणि त्वचेची छटा पूर्णपणे वेगळ्या रकान्यात. या दोन गोष्टी एकत्र केल्या की गोऱ्या कातडीच्या "परक्या" पात्राचं काय करायचं ते कोडरला कळत नाही.

छटेसाठी फिट्झपॅट्रिकची ६ प्रकारांची पट्टी बरेच जण उचलतात. तिची सुरुवात १९७५ मध्ये त्वचा उन्हात किती भाजते हे ठरवायला झाली, गडद छटांचे फरक तिच्यात नीट पडत नाहीत. मंक स्किन टोन ही १० छटांची पट्टी २०२२ मध्ये खुली झाली, ती बरी पडते. ती छापून कोडरच्या हातात द्या, पडद्यावर शेजारी ठेवू नका. शेजारच्या रंगाने डोळा फसतो.

आकडाच हवा असेल तर आयटीए कोन, म्हणजे छटा अंशांत सांगणारं माप, काढा. चित्र लॅब रंगप्रणालीत (तिच्यात एल म्हणजे उजळपणा, बी म्हणजे पिवळेपणा) नेऊन कपाळ आणि दोन्ही गाल इथले छोटे चौकोन घ्या, चमक आणि सावली टाळा. मग एलमधून ५० वजा करा, उत्तराला बीने भागा आणि त्याचा व्यस्त टॅन्जंट अंशांत काढा. एल ६५, बी १८ असेल तर सुमारे ४० अंश, म्हणजे मधली छटा. एल ४५, बी १७ असेल तर उणे १६, म्हणजे तपकिरी. हे त्या माणसाच्या त्वचेचं माप नव्हे, दिवे आणि रंगसंस्कार होऊन पानावर जे उतरलं त्याचं माप आहे. आपल्याला तेच हवंय. मोबाईलने मासिकाच्या पानाचा फोटो काढून हे करू नका, व्हाइट बॅलन्स सगळं बिघडवतो. स्कॅन करा आणि प्रत्येक वेळी तेच स्कॅनर, तीच सेटिंग.

लेन्सकॅपच्या मुद्द्याला जोडून: दिव्यांची गोष्ट वर्णाशीही बांधलेली आहे. कोडॅकने प्रयोगशाळांना छपाई जुळवायला जी कार्डं दिली, "शर्ली" कार्डं म्हणून ओळखली जाणारी, त्यांवर अनेक वर्षं गोरी बाईच होती. रंग बरोबर आले की नाही हे तिच्या त्वचेवरून ठरायचं. गडद त्वचेचे तपशील हरवत होते आणि फिल्म सुधारायला ज्या तक्रारींनी जोर दिला, त्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्याही होत्या! आज सेन्सर कितीतरी पुढे गेलेत, पण एकाच चौकटीत गोरा आणि गडद असे दोन चेहरे असताना दिवा कोणासाठी लावलाय हे अजूनही दिसतं. गडद त्वचेला समोरून सपाट उजेड टाकला की ती राखाडी दिसते. मोठा स्रोत बाजूला ठेवून त्वचेवर त्याची चमक आणली तरच आकार उठतो. म्हणून रकाना ठेवा: दोन्ही चेहऱ्यांवर गाल-जबड्याची कड स्पष्ट आहे का, की एकाच्याच?

पुढचा मुद्दा जागेचा. पुढे की मागे, फोकसमध्ये की धूसर, एकटं की घोळक्यात, बोलणारं की हसणारं. गडद त्वचेची पात्रं फक्त घोळक्यातच सापडत असतील तर तुमची "अगदीच कमी नाहीत" ही मोजणी तिथेच कोसळते. आणि क्रम बघाच. २०१७ मध्ये डव्हच्या ३ सेकंदांच्या फेसबुक क्लिपमध्ये काळी स्त्री अंगातला टी-शर्ट काढते आणि तिच्या जागी गोरी स्त्री येते. पुढे तिसरीही येते, पण साबणाच्या जाहिरातीत पहिला बदल तोच "आधी आणि नंतर" म्हणून वाचला गेला आणि कंपनीला माफी मागावी लागली. तिन्ही स्त्रियांना समान वेळ होता! सेकंद मोजणाऱ्या कोडबुकाला त्यात काहीच सापडलं नसतं.

टाचणी

गव्हाळ, ओळखीबद्दल तुमचं बरोबर, पण सांस्कृतिक खुणा नुसत्या वर्णन करून ठेवल्या तर तक्ता होणार नाही. मी तीन घरं सुचवेन: खूण नाही, एक खूण, दोन किंवा अधिक. कोणती खूण ते शेजारी शब्दांत. "कोणाची खूण" हा प्रश्न विश्लेषणात घ्यावा, कोडिंगमध्ये नाही.

गव्हाळ

चालेल. फक्त पोशाखाची खूण धरताना जाहिरातीतल्या इतर पात्रांशी तुलना करायची असं लिहा. सगळ्यांनीच एका पद्धतीचे कपडे घातले असतील तर ती वेगळेपणाची खूण उरत नाही.

कोरा_कागद

हे सगळं तक्त्यात उतरवतोय. दोन शंका. दोन कोडरांचं किती जुळलं तर पुरे? आणि प्रेक्षकांचं काय, म्हणजे "या जाहिराती स्त्रियांना दुय्यम ठरवतात" असं लिहिता येईल का?

टाचणी

नुसती टक्केवारी देऊ नका, कोहेनचा कप्पा द्या, म्हणजे योगायोगाने झालेली जुळणी वगळून काढलेलं एकमताचं माप. कारण असं: १०० पात्रांत "नजर चौकटीबाहेर हरवलेली" हा रकाना दोघांनी भरला. दोघांचंही "हो" २ वेळा, दोघांचंही "नाही" ८८ वेळा, उरलेल्या १० मध्ये मतभेद, दोन्ही बाजूंना ५-५. जुळणी ९० टक्के, ऐकायला झकास. पण प्रत्येकाने "हो" फक्त ७ वेळा म्हटलंय, त्यामुळे नुसत्या योगायोगानेच सुमारे ८७ टक्के जुळलं असतं. कप्पा येतो ०.२३. म्हणजे "हो" कशाला म्हणायचं यावर दोघांचं एकमतच नाही. सर्वसाधारणपणे ०.७० च्या वर असेल तर रकाना ठेवा, खाली असेल तर व्याख्या बदला आणि नव्या जाहिरातींवर पुन्हा तपासा. त्याच जाहिरातींवर पुन्हा तपासणी केली तर दोघांना आधीची चर्चा आठवते आणि आकडा फुगतो. तपासणीला नमुन्यातली १० ते २० टक्के पात्रं लागतात, पण ५० पेक्षा कमी नकोत. दोन्ही कोडर एकाच लिंगाचे नसलेले बरे. मतभेद कुठल्या दिशेने पडतात तेही मग दिसतं.

उजवा_समास

प्रेक्षकांच्या शंकेला उत्तर: नाही, एवढ्यावरून लिहिता येणार नाही. "या जाहिरातींत स्त्रिया अमुक पट कमी वेळा अधिकाराने बोलतात" इथपर्यंत तुमचा पुरावा जातो. बघणाऱ्याने त्याचं काय केलं हा वेगळा अभ्यास आहे. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये मांडलं ते इथे धरा: बनवणाऱ्याला हवा तसा अर्थ घेणं, थोडा घेऊन थोडा वळवणं, किंवा साफ उलटा लावणं. तिन्ही शक्यता एकाच खोलीत सापडतात.

छोटा भाग जोडायचा असेल तर ५-६ जणांचे गट घ्या, बायका आणि पुरुष वेगवेगळे, शिवाय एक मिश्र. विषय "जाहिराती किती लक्षात राहतात" एवढाच सांगा. "लिंगभाव" हा शब्द तोंडातून गेला की पुढची सगळी उत्तरं सभ्य येतात. जाहिरात एकदा दाखवा, बंद करा, काय झालं ते आठवून सांगायला लावा. कोण आठवतं, कोण विसरलं जातं, कोणाचं काम दुसऱ्याच्या नावावर सांगितलं जातं, इथेच माल मिळतो. मग पुन्हा दाखवा आणि प्रश्न विचारा. जाहिरातींचा क्रम प्रत्येक गटात बदला.

शेवटी अदलाबदल करून बघा. जाहिरातीतल्या दोन पात्रांच्या जागा बदलून एक कच्चं रेखाचित्र काढा: तीच मुद्रा, तोच प्रकाश, तेच वाक्य, फक्त बाईच्या जागी पुरुष. गट हसला तर का हसला ते विचारा. लोक बहुतेक वेळा "विचित्र दिसतंय" म्हणून थांबतात. तिथे सोडू नका. मान, हात, नजर, कपडे यांतलं एकेक मूळ जागी आणा आणि हसू कुठल्या बदलाला थांबतं ते लिहा. जो रकाना थांबवतो, तो तुमच्या तक्त्यातही ठळक असायला हवा. नसेल तर कोडबुकात काहीतरी सुटलंय. ही चाचणी मुख्य कोडिंगच्या आधी १०-१५ जाहिरातींवर करा, नंतर रकाने वाढवले तर आधीचे सगळे पुन्हा भरावे लागतात.